तुरुंगात न गेलेला संपादक

१९०८ साली बोम्मसंद्रा हे आनेकल तालुक्यातले, होसूर रस्त्यावरचे एक खेडे होते. मुलूख म्हैसूरच्या महाराजांचा. त्याच रस्त्याने दक्षिणेला अत्तिबेले ओलांडले की महाराजांची हद्द संपायची. पुढचे होसूर होते सेलम जिल्ह्यात, म्हणजे मद्रास इलाख्यात, थेट इंग्रजी अमलाखाली. उलट दिशेने बंगळूरकडे निघाले तर त्या शहराचेही दोन भाग पडलेले. जुनी पेठ आणि तिच्याभोवतीची वस्ती महाराजांच्या कारभारात, तर छावणी ब्रिटिश रेसिडेंटच्या हाताखाली. होसूरहून बोम्मसंद्र्यावरून पेठेत आणि पेठेतून छावणीत जाणारा माणूस इंग्रजांच्या मुलखातून महाराजांच्या राज्यात शिरे आणि पुन्हा इंग्रजांच्या अमलात जाऊन पोचे. कायदे वेगळे, कोर्ट वेगळे, आणि वर्तमानपत्रात काय छापावे याचे नियमही वेगळे.

साम्राज्यकाळातल्या पत्रकारितेचा विषय निघाला की मराठी माणसाला पुणे आठवते. ‘केसरी’, ‘काळ’, राजद्रोहाचे खटले, मंडालेचा तुरुंग. ते साहजिक आहे आणि त्याचा अभिमानही रास्त आहे. पण त्या काळी हिंदुस्थानचा सुमारे दोन पंचमांश भूभाग संस्थानांत मोडत होता. तिथल्या संपादकाच्या डोक्यावर एक नव्हे, दोन सत्ता असत. समोर दिवाण आणि दिवाणाच्या पाठीमागे रेसिडेंट. अशा ठिकाणी राजकीय पत्रकारिता कशी झाली, हे समजून घ्यायचे तर बंगळूरच्या देवनहळ्ळी वेंकटरमणय्या गुंडप्पांकडे जावे लागते. सगळे कर्नाटक त्यांना डीव्हीजी म्हणते. तिथे ते ‘मंकुतिम्मन कग्ग’ या १९४३ च्या काव्यामुळे घरोघरी पोचलेले आहेत. मात्र कवी म्हणून नाव होण्याच्या कितीतरी आधी ते हाडाचे पत्रकार होते, आणि त्या पत्रकारितेची मुळे पुण्यात होती. म्हणून ही कहाणी मराठी वाचकाचीही आहे.

एकाच वर्षातले दोन कायदे

१९०८ चा उन्हाळा देशभर तापलेला होता. एप्रिलअखेर मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला आणि जूनमध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात वर्तमानपत्रांचे छापखाने जप्त करण्याचा कायदा आला. ‘काळ’कर्ते शिवरामपंत परांजपे यांना एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. पाठोपाठ २२ जुलैला लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली गेली.

त्याच वर्षी म्हैसूर संस्थानानेही स्वतःचा वृत्तपत्र कायदा केला. दिवाण होते व्ही. पी. माधवराव. ते तंजावरी मराठी, शहाजी-व्यंकोजींबरोबर दक्षिणेत उतरलेल्या परंपरेतले. माधवरावांना प्रतिगामी म्हणून मोडीत काढता येत नाही. म्हैसूरचे कायदे कौन्सिल त्यांच्याच कारकिर्दीत, १९०७ मध्ये सुरू झाले. पुढे १९१९ साली काँग्रेसच्या शिष्टमंडळातून ते विलायतेलाही गेले. असा माणूस वृत्तपत्रांच्या गळ्याला दोर लावतो, यावरूनच साम्राज्याचा दाब संस्थानांत कसा उतरत असे ते कळते. शेजारच्या ब्रिटिश मुलखात धरपकड चालू असताना आपल्या हद्दीत मोकळी पत्रे चालू देणे म्हणजे रेसिडेंटचा रोष ओढवून घेणे. तो घेण्याची दिवाणांची तयारी नव्हती.

या कायद्याची रचना नीट पाहण्यासारखी आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात निदान खटला होई. आरोप वाचला जाई, वकील उभा राही, ज्युरी बसे. टिळकांना हायकोर्टात आपली बाजू दिवसेंदिवस मांडता आली आणि ती देशभर छापून आली. म्हैसूरच्या कायद्यात हा भाग जवळजवळ गळाला. पत्र काढायचे तर सरकारची परवानगी हवी, आणि दिलेली परवानगी सरकार केव्हाही काढून घेऊ शकते. म्हणजे शिक्षा भोगून हुतात्मा व्हायची सोयच नाही. एक कागद यायचा आणि पत्र बंद व्हायचे. लोकांना कारण कळायचे नाही आणि संपादकाला उत्तर द्यायला जागा उरायची नाही. संस्थानी जुलूम ब्रिटिश जुलमापेक्षा पुष्कळदा सौम्य दिसतो तो यामुळे. त्याच्या खुणा कोर्टाच्या दप्तरात फारशा राहिल्याच नाहीत.

म्हैसूरच्या पत्रकारितेचे भीष्म होते एम. वेंकटकृष्णय्या. लोक त्यांना प्रेमाने तातय्या म्हणत. शिक्षक, समाजसेवक आणि अनेक पत्रांचे चालक. अशा अटींवर पत्र चालवण्यापेक्षा ते बंद केलेले बरे, असे या वृद्ध संपादकाने ठरवले. गुंडप्पा तेव्हा एकवीस वर्षांचे होते आणि नुकतेच या धंद्यात शिरले होते.

मॅट्रिक नापास

गुंडप्पांचा जन्म १७ मार्च १८८७ चा, कोलार जिल्ह्यातल्या मुळबागलचा. शिक्षण मॅट्रिकपाशी अडले, ते पुढे गेलेच नाही. पोटासाठी कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या गावात सोड्याच्या कारखान्यात काम केले. मग बंगळूरला येऊन टांगे रंगवायच्या दुकानात राहिले. तिथून ‘सूर्योदय प्रकाशिका’ या पत्रात शिरकाव झाला आणि लेखणी हाती आली ती कायमची.

पदवी नव्हती, पण तयारी जबरदस्त होती. शास्त्रीमंडळींच्या पायाशी बसून त्यांनी संस्कृत आणि वेदान्त शिकून घेतला. इंग्रजी राज्यशास्त्र, घटनाशास्त्र आणि अर्थकारण स्वतःच्या हिमतीवर वाचून काढले. पोटापाण्यासाठी बंगळूरच्या लहान पत्रांपासून मद्रासच्या मोठ्या पत्रांपर्यंत मिळेल तिथे लिहिले. कन्नड आणि इंग्रजी दोन्ही भाषा त्यांच्या हाताशी होत्या. सरकारी अहवाल उघडून आकड्यांतले विधान शोधायची सवय त्यांनी याच काळात लावून घेतली. पुढे त्यांचे सगळे सामर्थ्य या सवयीत साठलेले दिसते.

ही सवय घालून देणारा माणूस त्या पिढीसमोर होता, तो म्हणजे गोपाळ कृष्ण गोखले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकचा हा मुलगा फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक झाला आणि आगरकरांच्या ‘सुधारक’ची इंग्रजी बाजू सांभाळू लागला. सार्वजनिक सभेचे त्रैमासिकही त्याने चालवले. राजकारणी म्हणून गाजण्याआधी गोखले पत्रकार होते, हे आपण विसरतो. १९०२ पासून कलकत्त्याच्या कौन्सिलात अंदाजपत्रकावर त्यांची भाषणे होऊ लागली. सरकारचेच आकडे घेऊन सरकारला कोंडीत पकडायचे, ही त्यांची रीत. मिठावरचा कर, लष्करावरचा खर्च, शिक्षणावरची तुटपुंजी रक्कम हे सगळे त्यांच्या तोंडून ऐकताना समोरच्या इंग्रज अधिकाऱ्यांनाही टिपणे काढावी लागत. १८९७ साली प्लेगच्या वेळच्या गोऱ्या शिपायांच्या वर्तनाबद्दल त्यांनी विलायतेत आरोप केले. परत आल्यावर पुराव्याला माणूस उभा राहीना, तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. पुण्यात त्यांची फार निर्भर्त्सना झाली. तरीही सिद्ध करता येत नाही ते मागे घ्यायचे, हा नियम त्यांनी सोडला नाही.

गुंडप्पांनी गोखल्यांना गुरुस्थानी मानले. त्यांचे चरित्र कन्नडमध्ये लिहिले. सार्वजनिक जीवन हे धर्माचरणासारखे शुद्ध हवे, हे भारत सेवक समाजाच्या स्थापनेत गोखल्यांनी मांडलेले सूत्र गुंडप्पांनी आपल्या धंद्याला लावले.

दुसरे साम्राज्य, तीच युक्ती

परवानगीचा कायदा ही म्हैसूरची खास कल्पना नव्हती. युरोपातल्या हॅब्सबुर्ग साम्राज्यात हेच घडून गेले होते. हंगेरीचा लायोश कोशूत हा तरुण वकील १८३० च्या दशकात तिथल्या विधिमंडळाच्या कामकाजाचे वृत्तांत हाताने लिहून, नकला काढून गावोगाव पाठवत असे, कारण छापलेल्या मजकुरावर सेन्सॉरची नजर होती. १८३७ मध्ये त्याला पकडून चार वर्षांची शिक्षा दिली, १८४० मध्ये सोडले. लगेच पुढल्या वर्षी, जानेवारी १८४१ मध्ये, त्याला ‘पेश्टी हिर्लाप’ हे पत्र चालवू दिले. परवानगी आपल्या हातात आहे तोवर हा काबूत राहील, असा व्हिएन्नाच्या दरबाराचा हिशेब होता. तो चुकला. कोशूतच्या अग्रलेखांनी हंगेरीचे राजकारण ढवळून काढले आणि १८४४ मध्ये त्याला पत्रातून बाहेर पडावे लागले. चार वर्षांनी तो देश क्रांतीत उतरला.

साम्राज्य कुठलेही असो, लेखणीशी वागण्याच्या त्याच्या दोन पद्धती ठरलेल्या असतात. आधी कोंडायचे, ते जमले नाही तर पाळायचे. कोंडलेल्या संपादकांची चरित्रे लिहिली जातात. पाळून घ्यायला नकार देणाऱ्यांची कथा तेवढी सांगितली जात नाही. गुंडप्पांची कथा या दुसऱ्या प्रकारची आहे.

‘कर्नाटक’ आणि दिवाणसाहेब

नोव्हेंबर १९१२ मध्ये मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या म्हैसूरचे दिवाण झाले. त्यांचेही पुण्याशी नाते होते. पुण्याच्या सायन्स कॉलेजातून १८८३ मध्ये इंजिनिअर होऊन ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात शिरले. खडकवासल्याचे आपोआप उघडणारे दरवाजे ही त्यांचीच करामत. रानडे-गोखल्यांच्या वर्तुळात त्यांची उठबस होती. असा दिवाण आल्यावर काही महिन्यांतच, एप्रिल १९१३ मध्ये, गुंडप्पांनी ‘कर्नाटक’ हे इंग्रजी अर्धसाप्ताहिक सुरू केले.

पुढची पाच-सहा वर्षे म्हैसूरच्या इतिहासात फार धामधुमीची होती. १९१३ मध्ये म्हैसूर बँक निघाली, १९१५ मध्ये कन्नड साहित्य परिषद, १९१६ मध्ये विद्यापीठ. कावेरीवर कन्नंबाडीचे धरण उभे राहत होते. भद्रावतीच्या लोखंडाच्या कारखान्याची आखणी चालू होती. दिवाण प्रामाणिक, कर्तबगार आणि अहोरात्र राबणारा. अशा दिवाणावर टीका करणे दुष्ट दिवाणावर टीका करण्यापेक्षा अवघड असते. दुष्टाविरुद्ध लिहिले की वाचक टाळ्या वाजवतो. चांगल्या माणसाच्या चुका दाखवल्या की तोच वाचक संपादकाच्या हेतूवर शंका घेतो.

गुंडप्पांनी हे अवघड काम अंगावर घेतले. विश्वेश्वरय्यांच्या योजनांचे त्यांनी मनापासून स्वागत केले, आणि जिथे पटले नाही तिथे तितक्याच स्पष्टपणे विरोध केला. कारभार कितीही उत्तम असला, तरी तो दिवाणाच्या मर्जीवर उभा असेल तर प्रजेची वाढ होत नाही, हा त्यांचा मूळ मुद्दा होता. म्हैसूरची प्रतिनिधी सभा १८८१ पासून भरत होती. दसऱ्याला रयतेचे प्रतिनिधी जमायचे, गाऱ्हाणी मांडायचे, दिवाण उत्तर द्यायचे. पण मतदानाने दिवाणाला अडवण्याचा अधिकार त्या सभेला नव्हता. गाऱ्हाणे ऐकून घेणारे सरकार आणि लोकांना जबाबदार असणारे सरकार यांतला फरक गुंडप्पा पुन्हा पुन्हा समजावून सांगत राहिले.

दिवाण आणि संपादक यांचे नाते या टीकेने तुटले नाही. पुढची कित्येक दशके दोघांत स्नेह राहिला. १९१८ च्या अखेरीला विश्वेश्वरय्या दिवाणपदावरून बाजूला झाले. ‘कर्नाटक’ त्यानंतरही १९२१ पर्यंत निघत राहिले.

कोणाची प्रजा?

गुंडप्पांच्या लेखनातला सर्वांत दूरदृष्टीचा भाग म्हैसूरपुरता नव्हता. तो सगळ्या संस्थानी हिंदुस्थानाविषयी होता.

मराठी वाचकाला हा प्रश्न कोल्हापूर प्रकरणावरून परिचित आहे. चौथ्या शिवाजी महाराजांच्या छळाबद्दल ‘केसरी’ आणि ‘मराठा’ने कारभारी बर्वे यांच्यावर टीका केली. बदनामीचा खटला झाला आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. संस्थानाबद्दल लिहिले म्हणून ब्रिटिश कोर्टाने दिलेली ती शिक्षा. पुढे हा धोका कायद्यातच उतरला. १९१० च्या प्रेस ॲक्टने संस्थानिकांविषयी अप्रीती पसरवणेही गुन्ह्यात धरले. तो कायदा रद्द झाल्यावर १९२२ मध्ये संस्थानिकांच्या संरक्षणासाठी नवा कायदा आला. असेंब्लीने तो मांडूच दिला नाही, तेव्हा व्हाइसरॉयने आपल्या खास अधिकारात तो संमत केला. आत परवान्याची टांगती तलवार आणि बाहेर हा कायदा, अशी संस्थानी प्रजेची दोन्हीकडून मुस्कटदाबी होती.

१९१७ मध्ये भारतमंत्री माँटेग्यू सुधारणांची चाचपणी करायला हिंदुस्थानात आले. संस्थानिकांचे ऐकले गेले, त्यांच्यासाठी नरेंद्रमंडळ ठरले, १९२१ मध्ये ते स्थापनही झाले. त्यांच्या कोट्यवधी प्रजेला मात्र कोणी विचारले नाही. गुंडप्पांनी त्याच सुमारास इंग्रजीत लिहून हा प्रश्न उचलून धरला. हिंदुस्थानाला स्वराज्य मिळेल तेव्हा म्हैसूरचा, कोल्हापूरचा किंवा हैदराबादचा माणूस त्या स्वराज्याचा नागरिक असणार की फक्त राजाची रयत? राजा आणि ब्रिटिश बादशहा यांच्यातला तह हा राजाचा खाजगी व्यवहार आहे की त्यात प्रजेचाही वाटा आहे?

दहा वर्षांनी, संस्थानांचे ब्रिटिश सत्तेशी असलेले संबंध तपासायला बटलर समिती नेमली गेली तेव्हा हाच प्रश्न पेटला. संस्थानी प्रजा परिषदेला समितीने आपले म्हणणे तोंडी मांडू दिले नाही. इकडे सांगलीचे प्रा. ग. र. अभ्यंकर या प्रश्नावर लिहीत होते, तिकडे बंगळूरहून गुंडप्पा. १९३१ मध्ये गोलमेज परिषदांच्या धामधुमीत त्यांचे संस्थाने, त्यांची प्रजा आणि हिंदुस्थानची घटना या विषयावरचे इंग्रजी पुस्तक आले. काँग्रेसचे पुढारीही तेव्हा संस्थानांच्या कारभारात हात घालायला कचरत होते. अशा वेळी एका मॅट्रिक नापास संपादकाने ब्रिटिश हिंदी नागरिक आणि संस्थानी रयत ही भिंतच मान्य करायला नकार दिला. सप्टेंबर-ऑक्टोबर १९४७ मध्ये ‘म्हैसूर चलो’चे आंदोलन झाले आणि ऑक्टोबरअखेर तिथे लोकनियुक्त सरकार आले. १९५० च्या राज्यघटनेने ती भिंत कायमची पाडली. या भिंतीवर तीस-पस्तीस वर्षे घाव घालणाऱ्यांत गुंडप्पांचे नाव आदराने घ्यायला हवे.

दरम्यान त्यांनी आपल्या धंद्याचीही बांधणी केली. १९२८ मध्ये बागलकोटला, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, कर्नाटकातल्या पत्रकारांचे संमेलन भरले. त्याचे अध्यक्ष गुंडप्पा होते. वृत्तपत्र कसे चालते आणि ते कशासाठी असते, यावर त्यांनी कन्नडमध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिले. कायदे कौन्सिलात बरीच वर्षे सभासद राहिले, तरी तिथेही बोलणे संपादकाचेच होते. आधी वस्तुस्थिती, मग तत्त्व, आणि शेवटी सूचना.

न वटवलेले चेक

पाळून घ्यायला नकार देणे म्हणजे रोजच्या जगण्यात काय, हे एका गोष्टीतून समजते. बंगळूरच्या जुन्या मंडळींकडून ती आजही ऐकायला मिळते. सरकारच्या कामात गुंडप्पांची मदत घेतली जाई. मोबदला म्हणून चेक येई. आपण नागरिक म्हणून काम केले, त्याचे पैसे घेणार नाही, असे ते सांगत. हिशेबाच्या सोयीसाठी चेक घेतलाच पाहिजे, असा आग्रह झाला की ते ठेवून घेत. असे कितीतरी चेक न वटवलेले, त्यांच्या पेटीत सापडले म्हणतात. घरात सुबत्ता होती म्हणून ते हे करू शकले, असे नाही. संसार ओढगस्तीचाच होता, आणि पत्नी भागीरथम्मा तरुणपणीच गेल्यानंतर त्यांनी पुन्हा लग्न केले नाही.

दिवाणाचा चेक वटवला असता तर कोणी नावे ठेवली नसती. काम केले होते, पैसा हक्काचा होता. पण उद्या याच दिवाणाविरुद्ध लिहायची वेळ आली तर हात क्षणभर थांबेल, हे त्यांना ठाऊक होते. तो एक क्षण टाळण्यासाठी त्यांनी आयुष्यभर ओढाताण सोसली.

१९४५ च्या फेब्रुवारीत त्यांनी बंगळूरच्या बसवनगुडी भागात एक संस्था काढली, ‘गोखले सार्वजनिक विचार संस्था’. वाचनालय, व्याख्याने, अभ्यासवर्ग आणि सार्वजनिक प्रश्नांवर एक इंग्रजी मासिक असे तिचे स्वरूप. निवडणुकीत मत कोणाला द्यावे हे सांगायचे नाही, मत द्यायला लागणारी समज तयार करायची, हा तिचा उद्देश. १९७० मध्ये बंगळूरच्या ‘कलाक्षेत्र’ सभागृहात त्यांचा मोठा सत्कार झाला आणि ९०,००० रुपयांची थैली अर्पण झाली. ती जशीच्या तशी त्यांनी संस्थेला देऊन टाकली. ७ ऑक्टोबर १९७५ रोजी ते वारले. संस्था आजही चालू आहे.

आता बोम्मसंद्र्याला कारखान्यांची मोठी वसाहत आहे आणि मराठी बोलणारी पुष्कळ कुटुंबे कामानिमित्त त्या बाजूला राहतात. ऑगस्ट २०२५ पासून बोम्मसंद्र्याहून आर. व्ही. रोडपर्यंत मेट्रोची पिवळी मार्गिका धावते. तिथून बसवनगुडी हाकेच्या अंतरावर. डीव्हीजींच्या नावाचा रस्ता आहे, ब्यूगल रॉकच्या बागेत त्यांचा पुतळा आहे, आणि जवळच बुल टेंपल रोडवर कोतळूकच्या गोखल्यांचे नाव मिरवणारी ती संस्था आहे. बोम्मसंद्र्याच्या मराठी माणसाने एखाद्या रविवारी तिथे जरूर जावे.

टिळक-परांजप्यांचे धैर्य आपण जपले, ते जपलेच पाहिजे. त्याच्या शेजारी गोखल्यांच्या वाटेने गेलेल्या या संपादकाचे धैर्यही ठेवायला हवे. सत्तेने तुरुंगात टाकले तर संपादकाची परीक्षा एकदा होते. सत्ता शेजारी राहते, चांगली वागते, चहाला बोलावते आणि चेक पाठवते, तेव्हा ती परीक्षा रोज होते. गुंडप्पा अशा रोजच्या परीक्षेत सुमारे सत्तर वर्षे उतरले. आजच्या वृत्तपत्रांना खटल्यापेक्षा जाहिरातीची आणि मर्जीची भीती जास्त आहे. म्हणून आज पत्रकारितेत येणाऱ्या मराठी मुलामुलींना मंडालेचा इतिहास शिकवताना म्हैसूरचा हा इतिहासही शिकवावा. त्यांच्या वाट्याला येणारी परीक्षा बहुधा याच प्रकारची असणार आहे.